तू दिलेला व्हेप कसा निघाला

थंडर बे
मार्च, बर्फ अजून खिडकीच्या कठड्यापर्यंत

प्रिय हिल्काताई,

वेइक्कोचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढी वाकू देते तेवढाच, उरलेला मनाने पुरा करून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस, की नर्स होतीस तशी अजून वॉर्डात घंटी वाजल्यासारखी धावतेस? ग्लेन दाजींचा खोकला उतरला का? हरणांनी यंदाही तुझ्या सफरचंदाच्या झाडांची साल सोलून खाल्ली असेल. इकडे डोरीन ठणठणीत आहे. तिने बटाट्याचे पियेरोगी (आपल्या उकडलेल्या करंज्याच) करून फ्रीजर भरून ठेवलाय, सगळे तुझ्यासाठी आणि चर्चच्या जेवणासाठी. मला त्यातला एकही मिळत नाही, कारण सध्या या घरात माझी पत जरा खाली आलेली आहे. ती का खाली आली ते या पत्रात येईलच, पण सावकाश येईल. तू कॉफी ओतून घे आणि चष्मा लाव.

नाताळात तू मला सिगारेट सुटावी म्हणून तो व्हेप दिलास, तोही सगळ्यांसमोर कागद फाडायला लावून. तेव्हापासून जेव्हा जेव्हा तुझा फोन येतो तेव्हा तू विचारतेस, "कसा आहे रे तो?" आणि मी "छान आहे" म्हणून लगेच हवामानावर जातो. गेल्या खेपेला तू कंटाळून म्हणालीस, "वेइक्को, छान म्हणजे काय ते कागदावर लिहून पाठव. ग्लेनसाठी घ्यायचा की नाही, मला ठरवायचंय." तू गाडीने तासाभराच्या अंतरावर राहतेस, मी येऊनही सांगू शकलो असतो, हे मला कळतं. पण समोर बसलं की तू माझ्या तोंडाकडे असं बघतेस, जसं काही मी चादरीखाली काहीतरी लपवलंय. त्यापेक्षा कागद बरा. कागद माझ्याकडे बघत नाही.

तर आधी वस्तूबद्दल, कारण वस्तूचा काहीही दोष नाही आणि हे मी पत्राच्या सुरुवातीलाच लिहून ठेवतो. वस्तू लहान आहे, मुठीत झाकते, खिशात फुगवटा येत नाही. वरची टाकी पुन्हा पुन्हा भरता येते. खालचं झाकण फिरवलं की बॅटरी टॉर्चसारखी बाहेर येते, आणि ती म्हातारी झाली की तेवढीच बदलायची. तू म्हणाली होतीस की वापरून फेकायचे ते रंगीत व्हेप आता बर्फ वितळला की रस्त्याकडेच्या चरात सापडतात, बॅटरीसकट, आणि तुला त्यांचा संताप येतो. म्हणून तू शोधून शोधून हा आणलास. तुझं बरोबर होतं. तुझं नेहमी बरोबर असतं, आणि लहानपणापासून मला त्याचाच जरा त्रास आहे.

पहिल्याच दिवशी मी त्यात ते पातळ लिक्विड भरलं (अर्धं टाकीत, अर्धं डोरीनच्या इस्त्री केलेल्या मेजपोशावर), बटण दाबलं आणि जोरात ओढला. ताई, मला आपल्या आत्याच्या जुन्या कोचाची चव आली. पावसात भिजलेला, मग वाळलेला, मग कुणीतरी पेटवून दिलेला कोच. मी खोकत खोकत गाडी काढली आणि गावातल्या व्हेपच्या दुकानात गेलो. ते दुकान रोझाना बर्टोली नावाची बाई चालवते. पूर्वी तिच्या बापाचं तिथे चपला दुरुस्तीचं दुकान होतं आणि अजूनही दारातून आत शिरलं की आंब्याच्या आणि पुदिन्याच्या वासाखाली चामड्याचा वास येतो. तिने माझं म्हणणं ऐकून घेतलं.

"भरल्यावर किती थांबलात?"

"कशाला थांबायचं?"

"आतला कापूस भिजायला, बाबा. कोरडा कापूस जाळून ओढलात तुम्ही. कसा लागला?"

"कोचासारखा."

"बहुतेक लोक टोस्ट म्हणतात," ती म्हणाली आणि तिने आतली कॉइल, म्हणजे कापूस तापवणारी तार, जळक्या कापसासकट काढून नवी बसवली.

मग चवींचा प्रश्न आला. मी म्हटलं, तंबाखूची द्या, माणसाने आपलं पाणी सोडू नये. ती हुंगली तर ओल्या बुटात मनुका ठेवल्यासारखा वास. शेवटी मी ब्लूबेरी घेतली. एवढा थोराड माणूस, गोदीवरच्या धान्याच्या कोठारात सगळी उमर गव्हाची धूळ खाल्लेला, आणि ब्लूबेरीच्या वाफा सोडतो! (वाफच म्हणायचं, धूर म्हटलं की रोझानाला राग येतो.) पण लागली बरी. त्याच आठवड्यात चर्चमध्ये टाकी माझ्या कोटाच्या खिशात गळली आणि प्रार्थनेच्या ऐन मध्यावर मागच्या बाकावरच्या बाईंनी डोरीनच्या कानात विचारलं, की आज नंतर खायला ब्लूबेरी-पाय आहे का. डोरीन "हो" म्हणून मोकळी झाली आणि दुपारी तिला खरोखर ब्लूबेरी-पाय भाजावा लागला. तेव्हापासून माझी पत घसरायला लागली, पण ती हळूहळू घसरत होती. तिला सावरता आलं असतं.

रोझानाने मला एक जादा बॅटरी दिली आणि ती ठेवायला प्लॅस्टिकची एक छोटी डबी दिली. तेव्हा तिने माझ्या डोळ्यात डोळे घालून सांगितलं, "ही सुटी खिशात टाकायची नाही. किल्ल्यांबरोबर नाही, चिल्लरीबरोबर तर नाहीच. दोन्ही टोकांना एकदम लोखंड लागलं ना, तर ही तापते, आणि मग ती कुणाचं ऐकत नाही." मी मान डोलावली. ताई, माझं मान डोलावणं तुला ठाऊक आहे. शाळेत बाई मला भूमिती शिकवायच्या तेव्हाही मी असाच डोलवायचो. घरी आलो, डबी बघितली, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? की यात माशांचे गळ किती झकास बसतील! आतून गुळगुळीत, झाकण टक्क करून लागतं, टोकं बोटाला टोचत नाहीत. इतकी वर्षं मी अशा डबीच्या शोधात होतो. गळ डबीत गेले. बॅटरी खिशात गेली.

आता टाइस्टोकडे वळतो. टाइस्टो कांगस तुला माहीत आहे, माझ्या लग्नात ज्याने भाषण करायला उभं राहून नुसतं "बरं" म्हटलं आणि खाली बसला, तोच. कोठारात आम्ही एकाच पट्ट्यावर काम केलं, एकाच दिवशी निवृत्त झालो, आणि हिवाळा आला की लून लेकवर बर्फाला भोक पाडून त्याच्या झोपडीत मासे धरत बसतो. पण ती झोपडी तू पाहिली नाहीस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोक तळ्यावर पत्र्याचे, प्लायवूडचे, काही तर तंबूच उभारतात. टाइस्टोची झोपडी सीडरच्या जुन्या फळ्यांची होती. त्या फळ्या त्याच्या बापाने बांधलेल्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या. शेत विकलं तेव्हा घेणाऱ्याला सौना नको होती, त्याला तिथे गॅरेज हवं होतं. तेव्हा टाइस्टोने एकेक खिळा उपटून, एकेक फळी पाठीवर वाहून ती घरी आणली आणि तिची झोपडी केली. आतून मधासारखा रंग. शेगडी पेटली की भिंतींतून अजून जुना वास यायचा, बर्चच्या पानांचा आणि साबणाचा. आपल्या लोकांत तेव्हा बाळंतपणं सौनातच व्हायची. टाइस्टो त्या फळ्यांच्या आत जन्मला होता. हे तो कधी बोलला नाही, त्याच्या बायकोने डोरीनला सांगितलं, आणि डोरीनने मला. तो फक्त एवढंच म्हणायचा, "आत सिगारेट नाही."

त्यामुळे इतके हिवाळे मी सिगारेट ओढायला बाहेर. उणे तीसमध्येसुद्धा! दार लोटून घ्यायचं, वाऱ्याकडे पाठ करायची, मिशीवर बर्फ धरेपर्यंत ओढायची आणि आत यायचं. तो एका शब्दाने कधी म्हणाला नाही की असू दे, आज ये आत. आणि मीही विचारलं नाही. मग जानेवारीत मी तुझा व्हेप घेऊन गेलो. बाहेर जायला उठलो तर तो म्हणाला, "ते काय आहे?" मी म्हटलं, "हिल्काने दिलंय. वाफ आहे, धूर नाही." त्याने हातात घेतला, वास घेतला आणि परत दिला.

"ओढ बघू."

मी ओढला. झोपडीत ब्लूबेरीचा ढग झाला. टाइस्टोने नाक वर करून तो ढग पुरा जाऊ दिला.

"आई ब्लूबेरी-पाय करायची," तो म्हणाला. "बस आत."

ताई, तुला खरं सांगतो, त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं तितकं निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या भिंतींच्या आत बसून, बूट काढून, पाय शेगडीकडे करून मी वाफा सोडायच्या आणि त्याने भोकात बघत बसायचं. तो बोलायलाही लागला. (बोलायला म्हणजे, दुपारभरात चारदोन वाक्यं. पण टाइस्टोसाठी ते भाषणच.) त्याची मुलगी अल्बर्टातून फोन करत नाही, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी बाहेर उभा होतो म्हणून कळलं नव्हतं. हे सगळं तुझ्या भेटवस्तूमुळे झालं, तेव्हा तिचे गुण लिहायचे तर हा पहिला लिही.

आता अवगुण म्हणावा तर एकच. थंडीत बॅटरी मान टाकते. गाडीपासून झोपडीपर्यंत बर्फावरून चालत जायचं, तेवढ्यात भरलेली बॅटरी अर्धमेली होते. म्हणून मी जादा बॅटरी आतल्या पँटच्या खिशात ठेवू लागलो, मांडीला लागून, म्हणजे अंगाच्या उबेने जिवंत राहील. अक्कल चालवली म्हणून मी स्वतःवर खूशही होतो. त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा होता.

फेब्रुवारीतली गोष्ट. ऊन पडलेलं, वारा नाही, तळं पांढरंशुभ्र. आम्ही आत. शेगडी चांगली तापलेली, माझे बूट दाराशी वाळत, बाहेरची जाड पँट खुंटीवर. मी ऐटीत वाफ सोडतोय, आणि मांडीला छान ऊब लागतेय. म्हटलं वा, आज शेगडी भलतीच मनावर घेऊन तापलीय. मग ऊब जरा जास्त झाली.

"टाइस्टो, मला गरम होतंय."

"शेगडीशी बसलायस. गरमच होणार."

"नाही रे, एकाच मांडीला."

"वेइक्को, गप्प बस." त्याचा आवाज बदलला होता. दोरी त्याच्या हातातून सुर्रकन खाली जात होती. तो भोकावर ओणवा झाला. "लागलाय. असा आजवर लागला नव्हता. तू आता श्वाससुद्धा घेऊ नकोस."

मी श्वास घेतला नाही. ताई, मित्रासाठी माणूस काय काय करतो! मी ओठ दाबून बसलो, आणि माझ्या खिशातून रागावलेल्या मांजरीसारखी फिस्स असा आवाज यायला लागला. मग मात्र मी ओरडलो. उभा राहिलो, छताला डोकं आपटलं, पट्टे खांद्यावरून खाली ओढले, एक पाय पँटीतून निघाला, दुसरा निघेना, मी एका पायावर झोपडीभर नाचतोय आणि टाइस्टो मान न वळवता ओरडतोय, "खाली बस! मासा बिचकेल!" शेवटी पँट निघाली ती मी जोरात झटकली. बॅटरी उडाली, ठिणग्या फेकत भिंतीवर आपटली आणि जळणाच्या खोक्यात पडली. खोक्यात बर्चची साल होती, ढीगभर, वाळलेली. बर्चची साल कशी पेटते हे मी तुला सांगायला नको.

आम्ही दोघांनी भोकातलं पाणी डबड्याने मारलं, बाहेरून बर्फ आणून टाकला. पण त्या फळ्या, ताई, त्यांनी जन्मभर सौनाची धग खाल्लेली. त्यांच्यात ओल म्हणून उरली नव्हती. त्या कागदासारख्या गेल्या. आम्ही बाहेर पडलो, मी लोकरी चड्डीत आणि मोज्यांवर, बर्फात उभा. टाइस्टो एकदा छताकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. आणि मग तो पुन्हा आत गेला. मी ओरडलो, नको रे, काय असेल ते राहू दे. मला वाटलं, बापाची काही वस्तू असेल आत, कुऱ्हाड, नाहीतर सौनातली पितळी पळी. दारातून धूर येत होता (हा धूरच, वाफ नव्हे) आणि मी मनात म्हणत होतो, याला काही झालं तर मी त्याच्या बायकोला कुठल्या तोंडाने सांगू. तो खोकत बाहेर आला. भुवया जळलेल्या. हातात माझे बूट.

"घाल," तो म्हणाला.

एवढंच. मी बूट घातले. आम्ही तिथे उभं राहून ती जळताना बघितली. घरी सोडताना त्याने गाडीचा हीटर पूर्ण सोडला आणि त्याची वारं येणारी जाळी माझ्या पायांकडे वळवली. माझ्या दाराशी गाडी थांबवून तो समोर काचेतून बघत राहिला, मी उतरेपर्यंत.

मांडीला हातभर नाही पण तळहाताएवढा भाजल्याचा डाग आहे. डॉक्टरांना दाखवला, भरत आलाय, तेव्हा मलम घेऊन इकडे निघू नकोस. व्हेप शर्टाच्या वरच्या खिशात होता, त्याला ओरखडाही नाही. डोरीनने मला पट्टी बांधली आणि बांधता बांधता म्हणाली, "सिगारेटींनी इतकी वर्षं नुसते माझे पडदे पिवळे केले. तब्येत सुधारायला म्हणून हे आणलंस आणि माणसाचं जन्मघर जाळून आलास." मी रोझानाकडे गेलो. मला वाटलं ती हसेल. तिने हसायला तोंड उघडलंही होतं, पण मी फळ्यांचं सांगितलं तशी तिने ते मिटलं. तिने मागे जाऊन बापाच्या जुन्या चामड्याचा तुकडा आणला आणि जादा बॅटरीसाठी गुंडीची पिशवी शिवून दिली. शिवताना एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

मी टाइस्टोच्या दारी गेलो. दार त्यानेच उघडलं. भुवया नसल्यामुळे तो सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता, पण नव्हतं वाटलेलं. मी घरून वाक्यं पाठ करून गेलो होतो, ती सगळी पायरीवरच सांडली.

"खिशात किल्ल्या कशाच्या होत्या?" त्याने विचारलं.

"घराच्या."

"घराला कुलूप कधी लावतोस?"

ताई, मी कधीच लावत नाही. आमच्या गल्लीत कुणीच लावत नाही. त्या किल्ल्या मी वर्षानुवर्षं उगीच वागवत होतो.  त्याने हळूच दार लावलं. धाडकन लावलं असतं तर मी समजू शकलो असतो.

मग एका सकाळी मी एकटाच ढकलगाडी आणि दंताळं घेऊन तळ्यावर गेलो. तिथे बर्फात काळं चौकोनी डबकं गोठलं होतं आणि मधोमध शेगडी, वाकडी होऊन बसलेली. तळ्यात घाण जाऊ द्यायची नसते, म्हणून मी राख खरवडली, पत्रा उचलला, आणि मग गुडघ्यांवर बसून खिळे वेचले. जुने, चौकोनी, त्याच्या बापाने मारलेले. बोटं बधिर होईपर्यंत वेचले. ते कॉफीच्या डब्यात भरून त्याच्या पायरीवर ठेवले आणि घंटी न वाजवता परत आलो. पायऱ्या उतरताना खिडकीचा पडदा हलला, पण दार उघडलं नाही. हे सगळं लिहितोय कारण तू विचारलंस वस्तू कशी आहे, आणि मला वस्तूबद्दल विचार करायला बसलं की हेच आठवतं.

यानंतर जे झालं ते मी कल्पनेतही आणलं नव्हतं. गेल्या आठवड्यात दारावर थाप पडली. टाइस्टो. भुवया जरा उगवल्या होत्या.

"मासा बघितलास ना?" तो म्हणाला. ना नमस्कार, ना काही.

"कुठला मासा?"

"लागला होता तो. ट्राउट. भोकाशी आला होता, डोकं वर काढलं होतं. तू आरडाओरडा केलास तेव्हा."

झालं होतं असं, की बेकरीत कॉफीच्या टेबलावर तो पहिल्यांदाच आपण होऊन काहीतरी सांगायला गेला. हाताने माशाचं डोकं दाखवलं. आणि टेबलावरचे सगळे म्हातारे हसले. एक म्हणाला, "टाइस्टो, झोपडी जळाली याचं आम्हाला वाईट वाटतं, पण म्हणून मासा वाढवू नकोस." इतकं आयुष्य ज्या माणसाने खोटं सोड, खरंसुद्धा फार सांगितलं नाही, त्याला लबाड म्हटलं! जगात साक्षीदार एकच, आणि तो मी.

ताई, मी मासा बघितला नव्हता. त्या वेळी माझं डोकं छताला आणि पाय पँटीत होता. पण मी कोट घातला आणि त्याच्याबरोबर बेकरीत गेलो. सगळ्यांसमोर उभा राहिलो, वेलदोड्याच्या पावांच्या काचपेटीपुढे, आणि म्हटलं, "मी बघितला. डोकं एवढं होतं." आणि हात पसरले. मला वाटतं जरा जास्तच पसरले, कारण टाइस्टो पुटपुटला, "बास."  मग एकाने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. माझ्यासाठी कुणी ओढली नाही, पण टाइस्टोने आपल्या कपातली अर्धी कॉफी बशीत ओतून माझ्याकडे सरकवली.

बाहेर पडल्यावर आम्ही गाडीपर्यंत चाललो. दार उघडताना तो म्हणाला, "एवढा नव्हता."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तू बघितलाच नाहीस."

"नाही."

तो गाडीत बसला. "बरं," म्हणाला.

आता तो येतो. आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसतो, व्हेप ओढायला मीच होऊन परसात जातो. तो नको म्हणत नाही. पण हिवाळा सरत आलाय, आणि त्याला बसायला जागा नाही हे मला दिसतं. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याशी आलो की तो बोलता बोलता थांबतो आणि दुसऱ्या बाजूला बघतो. मी सॉरी म्हटलं आहे, अनेकदा. त्या शब्दाच्या फळ्या होत नाहीत. एखाद्याने रागाने दोन शिव्या हासडल्या तर माणूस मोकळा होतो. याने माझे बूट आणून दिले. मी ते रोज घालतो आणि रोज बांधताना मान खाली जाते.

तर निष्कर्ष असा, ताई: वस्तू चांगली आहे. भरायला सोपी, टिकाऊ, बॅटरी बदलता येते, वास बरा. नव्या कॉइलमध्ये लिक्विड भरल्यावर कापूस भिजेपर्यंत थांबावं. जादा बॅटरी पिशवीत ठेवावी. सिगारेट मी पुन्हा धरली नाही (एक धरली होती, आगीच्या दुसऱ्या दिवशी, गॅरेजमध्ये, अर्ध्यात टाकली). फुफ्फुसं म्हणे सुधारतील. बाकीचं सुधारायला रोझानाच्या दुकानात काही मिळत नाही.

दाजींना नमस्कार, तुला डोरीनचा आणि माझा वाकून नमस्कार.

तुझा धाकटा,
वेइक्को

ता. क. ग्लेन दाजींसाठी व्हेप घेऊ नकोस. त्यांच्याकडे आहे. हाच, निळ्या रंगाचा, पानगळीपासून. गोठ्यात ओटच्या पिंपामागे ठेवतात, स्ट्रॉबेरी ओढतात. मी कुणाला न सांगण्याची शपथ घेतली होती, पण आता शपथेपेक्षा त्यांची मांडी महत्त्वाची वाटते. जादा बॅटरी ते कोटाच्या उजव्या खिशात ट्रॅक्टरच्या किल्लीबरोबर ठेवतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढचं वाचण्याआधी उठ आणि तो खिसा रिकामा कर. ओरड नंतर.

ता. क. आणखी एक. बसलीस का परत? मी हे पत्र खरं तर याच्यासाठी लिहायला घेतलं आणि इतकी पानं भरून टाकली. आप्पांनी बांधलेली आपली सौना तुझ्या परसात अजून उभी आहे. दाजी त्यात बर्फ फेकायचं यंत्र ठेवतात. छत मागून गळतं, पण फळ्या सीडरच्याच आहेत आणि आतल्या बाजूने चांगल्या आहेत, नाताळात मी नखाने खरवडून पाहिलं होतं. तेव्हा उगीच पाहिलं होतं, काही मनात नव्हतं. मला त्या टाइस्टोसाठी हव्या आहेत. एक झोपडी होईल एवढ्याच. तू त्यात जन्मलीस, मी त्यात जन्मलो, आई शेवटपर्यंत दर शनिवारी त्यात बसली. काय मागतोय ते मला कळतं. टाइस्टोला मी काही बोललेलो नाही, त्यामुळे तू नाही म्हणालीस तर कुणालाच कळणार नाही आणि मी पुन्हा विषय काढणार नाही. पण हो म्हणणार असलीस तर फोन करू नकोस, दोन ओळी लिहून पाठव. फोनवर मला रडू येईल, आणि हल्ली मी घरात जरा हुंदका दिला तरी पुन्हा काही पेटलं समजून डोरीन बादली घेऊन धावत येते.